पालवणकर बाळू आणि बंद पडलेले सामने

स्मरणिकेसाठी प्रत्येकानं दोन-चार पानं लिहायचीच, असा फतवा आपल्या ग्रुपवर निघाला तेव्हा मी आधी गप्पच बसले. गुरुजनांबद्दल लिहिणारे आपल्यात भरपूर आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. माढेश्वरीची यात्रा, किल्ल्याच्या भिंतीवर बसून चोरून खाल्लेल्या चिंचा, पावसाळ्यात गळणारा तो कोपऱ्यातला वर्ग, हे सगळं या अंकात येणारच आहे. मी दिवसभर संगणकापुढे बसून कोड लिहिणारी बाई. मराठीत सलग चार पानं लिहून वीस वर्षं झाली असतील. तेव्हा चुका पोटात घाला.

मी लिहिणार आहे ते आपल्या शाळेच्या माणसाबद्दल नाही. माढ्याशी त्याचा काही संबंध होता असंही नाही. पण त्याची गोष्ट वाचताना मला आपलं शाळेचं मैदान सारखं दिसत राहिलं. त्याचं कारण शेवटी सांगते.

सुरुवात झाली मुलीच्या बास्केटबॉलपासून. ती पुण्यात शाळेच्या संघातून खेळते. एका जुन्या मासिकात तिला पुणे पेशवाज नावाच्या व्यावसायिक संघाचा फोटो दिसला आणि हा संघ आता कुठं खेळतो म्हणून तिनं मला भंडावून सोडलं. शोधलं तर कळलं, की यूबीए नावाची ती लीग २०१५ मध्ये सुरू झाली होती, आठ शहरांचे संघ होते, आणि २०१७ नंतर ती पुन्हा भरलीच नाही. संघ गेले, जर्सी गेल्या. मुलीला याचं फार वाईट वाटलं. मग आम्ही दोघी बंद पडलेल्या संघांच्या मागेच लागलो. अमेरिकेतल्या बुडालेल्या बास्केटबॉल लीगची तर जंत्रीच निघाली. पण आपल्याकडे, मुंबई-पुण्यात, सर्वांत मोठा बंद पडलेला सामना कोणता म्हणाल, तर चौरंगी-पंचरंगी क्रिकेटचा. आज ऐकून विचित्र वाटेल, पण त्यात संघ असायचे युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा दरवर्षीचा सामना रंगायचा. १९०७ ला हिंदू आले आणि तो तिरंगी झाला, १९१२ ला मुसलमान आले आणि चौरंगी झाला. १९३७ मध्ये ख्रिश्चन वगैरे उरलेल्यांचा द रेस्ट नावाचा पाचवा संघ धरून तो पंचरंगी झाला. आपल्या सांगलीचे विजय हजारे या उरलेल्यांच्या संघातून खेळायचे. १९४३ मध्ये हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांनी एकट्यानं काढल्या होत्या! १९४६ च्या जानेवारीनंतर हे सामने कायमचे बंद झाले. बरं झालं बंद झाले. धर्मावर संघ पाडून खेळायचं हे गांधीजींना पसंत नव्हतं आणि मलाही नाही.

पण याच सामन्यांतून एक माणूस वर आला, ज्याला या देशातला पहिला मोठा गोलंदाज म्हणतात. पालवणकर बाळू.

आडनावातच गाव आहे, कोकणातलं पालवण. जन्म मात्र धारवाडचा, १९ मार्च १८७६. जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे घर पुण्यात आलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा शिवराम खेळायला शिकले. शाळा लवकरच सुटली, कारण घरात पैसे हवे होते. पहिली नोकरी लागली ती पुण्यातल्या पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रूळ फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. सभासदांना सराव हवा असला की मधूनच चेंडू टाकायला मिळायचे.

१८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला. पगार एक रुपयानं वाढला. आता जाळ्या लावायच्या, रूळ ओढायचा, टेनिसच्या रेघा मारायच्या. तिथल्या ट्रॉस नावाच्या साहेबानं त्याला जाळीत गोलंदाजी करायला लावलं, आणि हा पोरगा डाव्या हातानं चेंडू असा काही वळवायला लागला की साहेब लोक चक्रावले. त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा फलंदाज होता, त्या काळी हिंदुस्थानातल्या युरोपियनांमधला सर्वांत भारी. (हा ग्रेग पुढे म्हातारपणी कॅथलिक पाद्री झाला.) तो रोज इतरांच्या आधी तासभर मैदानावर यायचा आणि बाळूकडून चेंडू टाकून घ्यायचा. बाद केलंस तर दर वेळी आठ आणे, असा त्यांचा सौदा होता, अशी आठवण सांगितली जाते. चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे म्हणजे काय, याचा हिशोब करून पाहा. महिन्यात आठ वेळा साहेबाला उडवलं की पगार दुप्पट.

फलंदाजीचा सराव त्याला कोणी दिला नाही. वर्षानुवर्षं साहेबांना हजारो चेंडू टाकले, पण जाळीत बॅट हातात घेऊन उभं राहायची संधी त्याला पूना क्लबात एकदाही मिळाली नाही. चेंडू टाकणं ही नोकराची मेहनत आणि फलंदाजी हा साहेबाचा शौक. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या क्षेत्रातली एक गोष्ट आठवली, पण ती इथं नको.

गोऱ्यांना बाद करणारा गोलंदाज पुण्यात आहे ही बातमी शहरातल्या हिंदूंच्या क्लबात पोचली. त्यांनाही युरोपियनांना हरवायचं होतं. पण याला घ्यायचं कसं? क्लबातले काही तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, मराठी ब्राह्मण सभासद अडून बसले. शेवटी ग्रेगनंच वर्तमानपत्रातून सुनावलं की असा गोलंदाज बाहेर ठेवणं हा मूर्खपणा आहे. ग्रेगला बाळूचा कळवळा होता, की सामन्यात त्याच्याशी दोन हात करायची हौस होती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला वाटतं, दोन्ही असेल.

बाळू संघात आला. आणि आता हे नीट वाचा. मैदानावर तो टाकायचा तो चेंडू सगळे जण हातात घेत होते. यष्टिरक्षक झेलत होता, स्लिपमधला पकडत होता, परत त्याच्याकडे फेकत होता. त्या चेंडूला विटाळ नव्हता. चहाची सुट्टी झाली की बाकीचे खेळाडू आत बसून चिनीमातीच्या कपातून चहा पीत, आणि बाळूला तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात, जे नंतर फेकून देता येईल. तोंड धुवायला पाणी हवं तर तेही बाहेरच, त्याच्याच समाजातल्या नोकरानं आणून घालायचं. जेवणाची ताट-जागा वेगळी. दिवसभरात सहा-सात बळी घेतलेला माणूस बाहेर उभा राहून चहा पितो आहे आणि ज्यांना त्यानं जिंकून दिलं ते आत बसले आहेत!

यानंतर साताऱ्याचा सामना झाला. तिथल्या युरोपियन जिमखान्यानं बाळूच्या धास्तीनं आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी पाटासारखी करून ठेवली होती, म्हणजे चेंडू वळायलाच नको. त्यानं तरीही सात बळी घेतले. पुण्याला परतल्यावर त्याची मिरवणूक निघाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी सभेत क्लबवाल्यांना स्पष्ट सांगितलं की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे. हळूहळू बाहेरचा चहा बंद झाला. बळी वाढत गेले तसा तो आत येत गेला, असं म्हणावं लागेल. ज्याला चेंडू वळवता येत नव्हता, त्या त्याच्या समाजातल्या इतर माणसांचं काय झालं असेल, हा प्रश्न मला वाचताना सतत टोचत राहिला.

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या दिवसांत, कुटुंब मुंबईला आलं. तिथं नुकताच निघालेला परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना होता. तिथंही तोच वाद झाला. कर्णधार कीर्तिकरांनी आग्रह धरला म्हणून त्याला प्रवेश मिळाला. पुढे बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी लागली आणि तो रेल्वेकडूनही खेळू लागला. कुर्डुवाडीच्या रेल्वे कॉलनीतून शाळेत येणाऱ्या आपल्या मित्रांना हे वाचून बरं वाटेल. रेल्वेनं खेळाडूंना पोसायची ही रीत फार जुनी आहे.

फेब्रुवारी १९०६. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर युरोपियन विरुद्ध हिंदू असा मोठा सामना पहिल्यांदा ठरला. हिंदूंच्या २४२, युरोपियनांच्या १९१, हिंदूंच्या १६०. युरोपियनांना जिंकायला २१२ हव्या होत्या आणि ते १०२ वर संपले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूचे दोन डावांत मिळून आठ बळी. शिवरामही त्या संघात होता. ज्या जिमखान्याच्या इमारतीत हिंदी माणसाला सभासद म्हणून पाऊल ठेवता येत नव्हतं, तिच्यापुढच्या मैदानावर हे घडलं. नटराजन यांच्या इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्रानं तर साहेबांच्या पराभवापेक्षा वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवलं. पालवणकर बंधूंना संघात घेतलं गेलं, त्यांच्याबरोबर बाकीचे एकत्र राहिले-जेवले, हाच त्यांच्या मते मोठा विजय होता.

१९११ ला पहिला अखिल हिंदुस्थानी संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग. महाराज सुरुवातीचे थोडे सामने खेळले आणि मग पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या मेजवान्यांत रमले. संघातला सर्वांत चांगला फलंदाज केकी मिस्त्री हा महाराजांच्या पदरी होता, त्यामुळे तोही त्यांच्याबरोबर गेला. उरलेल्या संघानं प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० हरले, दोनच जिंकले. लेस्टरशर आणि सॉमरसेट हे ते दोन, आणि दोन्हींत पालवणकर बंधूंचा हात मोठा. अशा या खिळखिळ्या संघात, दुखऱ्या खांद्यानिशी, पस्तिशीतला बाळू चेंडू टाकत राहिला. दौऱ्यात एकूण ११४ बळी, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात १०३ धावांत ८. झेल सोडणारे हात मागे असताना हे आकडे आहेत. आमच्या कामात आकडे पाहायची सवय असते, म्हणून सांगते : सबंध कारकिर्दीत प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. म्हणजे सामन्यागणिक पाचाहून जास्त. डावात पाच बळी १७ वेळा. आणि ज्याला बॅट धरू दिली नव्हती त्याच्या नावावर ७५३ धावाही आहेत.

परतल्यावर मुंबईत सत्कार झाले. दलित समाजातल्या तरुणांचा तर तो देवच होता. त्यांत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा भीमराव आंबेडकर नावाचा मुलगाही होता.

इतकं सगळं झाल्यावर हिंदू संघाचं कर्णधारपद त्याच्याकडे यायला हवं होतं, नाही का? आलं नाही. १९१० नंतर दर वर्षी चर्चा व्हायची आणि दर वर्षी उच्चवर्णीय खेळाडूलाच नेमायचे. एम. डी. पै हे सारस्वत ब्राह्मण कर्णधार झाले, तेव्हा त्यांनी आपल्याच सत्काराच्या सभेत उभं राहून सांगितलं की हा मान खरा बाळूचा होता. पै मला फार आवडले. मिळालेली खुर्ची आपली नव्हे असं भर सभेत म्हणणारी माणसं मी नोकरीच्या इतक्या वर्षांत किती पाहिली, ते सांगत नाही.

१९२० ला गोष्ट हातघाईवर आली. बाळूला संघातूनच वगळलं. भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघात होते. पै आजारी पडले. आता तरी या दोघांपैकी एकाला कर्णधार करतील असं वाटत असताना दि. ब. देवधरांना नेमलं गेलं. तेच देवधर, ज्यांच्या नावानं पुढे ट्रॉफी निघाली. थोर फलंदाज, पण तेव्हा या दोघांच्या मानानं नवखे. विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि आपल्याला जातीमुळे डावललं गेलं असं त्यांनी उघडपणे छापून कळवलं. १९२० साली हे लिहायला काय छाती लागली असेल! गावभर चर्चा झाली आणि निवड समितीला नमतं घ्यावं लागलं. अंतिम सामन्याला तिघंही भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार. पै सामन्यात मध्येच मैदान सोडून गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूनं संघ चालवावा. तेवढंच. पंचवीस वर्षांच्या गोलंदाजीनंतर वाट्याला आलेलं कर्णधारपद ते, कोणी तरी आपण होऊन बाजूला झाला म्हणून मिळालेलं. चव्वेचाळिशीच्या बाळूचा तो शेवटचा हंगाम.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल रीतसर कर्णधार झाला आणि त्यानं युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकून दिली. लोकांनी त्याला खांद्यावर उचलून नेलं. मोठ्या भावाचं राहिलेलं धाकट्यानं पुरं केलं, आपल्याकडे शेतीवाडीत होतं तसंच. या विठ्ठलनं पुढे १९४८ मध्ये माझे क्रीडा-जीवन नावाचं आत्मचरित्र मराठीत लिहिलं. इंग्रजीत बाळूबद्दल बरंच आहे, पण त्याचं मूळ पुष्कळसं या पुस्तकात आहे.

बाळूच्या पुढच्या आयुष्याबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो. तो राजकारणात आला आणि काँग्रेसकडे झुकला. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या पुणे कराराच्या वेळी तो संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचा होता, करारावर त्याची सही आहे. १९३३ मध्ये मुंबई महापालिकेला उभा राहिला आणि पडला. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसनं त्याला कोणापुढे उभं केलं, तर डॉ. आंबेडकरांपुढे. जो मुलगा कधी काळी त्याच्या बळींची गोष्ट अभिमानानं सांगायचा, त्याच्यापुढे. तो फारसा खुशीनं उभा राहिला नव्हता, वल्लभभाई पटेलांनी गळ घातली होती. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५. काही जण यावरून बाळूला बोल लावतात. मला ते पटत नाही, आणि त्याची बाजू घ्यावी असंही वाटत नाही. चेंडू टाकून, एकेक बळी घेऊन दार उघडतं हे त्यानं स्वतः अनुभवलं होतं, म्हणून आत बसलेल्यांवर त्याचा विश्वास असेल. आंबेडकरांना ठाऊक होतं की दार एका वेळी एकासाठीच उघडतं. माझं मत बाबासाहेबांना पडलं असतं.

४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळू वारला. चौरंगी-पंचरंगी बंद होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. रणजी करंडक जोरात होता, कसोटी सामने होत होते, आणि हिंदू नावाचा संघ कुणाच्या बोलण्यातही उरला नव्हता. संघ गेला की त्याचे खेळाडूही विसरले जातात, मुलीच्या प्रश्नाचं उत्तर थोडंफार हेच होतं.

आता ते मैदान. आपल्या वेळी मुलींना क्रिकेट खेळू देत नसत, पण अक्षर चांगलं आणि गणित बरं म्हणून स्कोअरची वही माझ्याकडे असायची. नववी आणि दहावी अशी दोन वर्षं. निळ्या पुठ्ठ्याची ती वही लग्नानंतरही माझ्या ट्रंकेत राहिली. हा लेख लिहायला घेतला तेव्हा ती काढून पाहिली. दोन वर्षांत आपल्या संघाचे जेवढे बळी, त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्याचे आहेत. कोणाचे ते तुम्हाला आठवतंय. तालुक्याच्या सामन्यांना कर्णधार ठरवायची वेळ आली तेव्हा त्याचं नाव कोणी घेतलं नाही. आपण सगळे त्या पिंपळाच्या पारावर बसलो होतो, नाव दुसऱ्याचं पुढे आलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कारण काय ते आपल्याला माहीत होतं. पाणी प्यायला तो माठाकडे का जात नाही, हापशावरच का जातो, तेही माहीत होतं. कोण्या मोठ्या माणसानं आपल्याला तसं सांगितलं नव्हतं, आपलं आपल्यालाच कळत होतं. वही माझ्या मांडीवर होती, सगळे आकडे माझ्याच अक्षरात होते, आणि मी तोंड उघडलं नाही. नव्या कर्णधाराचं नाव सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलं.

पैंसारखं आपल्यातलं कोणी उठलं नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. मीही नाही.

मेळाव्याला ती वही घेऊन येते आहे. त्यानं येतो म्हणून कळवलंय.